‘बहुतेक’ आणि ‘मोस्टली’



आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे तो एका शब्दापुरताच आहे. शब्द इंग्रजी आहे. परंतु आता तो आपल्या घरांतून इतक्या सहजपणे वावरतो की, तो पाहुणा आहे याची आठवणही कोणास राहिलेली नाही. गेल्या श्रावणात माझ्या पुण्याच्या पुतण्याचा फोन आला. “गणपतीला येतोस ना?” असे मी विचारले. तो म्हणाला, “काका, मोस्टली येईन.” मी म्हटले, “मोस्टली म्हणजे कसा रे? हातपाय येणार आणि डोके पुण्यास राहणार, असा?” तो हसला, आणि काकांनी थट्टा केली असे समजून त्याने फोन ठेवला. थट्टा तर ती होतीच. परंतु तिच्या पोटात व्याकरणाचा एक धडा होता, आणि तोच आज मला आपणांस सांगावयाचा आहे.

प्रारंभीच माझा अधिकार किती ते सांगून टाकतो. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. रत्नागिरी जिल्ह्यातील मराठी शाळांतून छत्तीस वर्षे मुलांस इंग्रजीचे पहिले धडे दिले आणि निवृत्त झालो. भाषाशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास मी केलेला नाही. मात्र एकच चूक छत्तीस वर्षे तांबड्या शाईने तपासल्यावर, ती चूक मुले का करतात याचा विचार करणे मास्तराला भागच पडते. त्या विचारातून जे हाती लागले तेवढेच मी येथे निवेदन करतो.

इंग्रजीत ‘मोस्टली’ हे क्रियाविशेषण आहे आणि त्याचा संबंध परिमाणाशी आहे. एखाद्या वस्तूचा मोठा भाग, एखाद्या समुदायातील पुष्कळशी माणसे, किंवा अनेक वेळांपैकी अधिक वेळा, असे तीन अर्थ त्याने व्यक्त होतात. मिरकरवाड्यातले लोक मोस्टली मच्छीमार आहेत, म्हणजे त्यांच्यापैकी पुष्कळसे मच्छीमार आहेत. घराचे रंगकाम मोस्टली झाले, म्हणजे त्यातला बराच भाग उरकला. आप्पा संध्याकाळी मोस्टली घरी असतात, म्हणजे आठवड्यातील पाच-सहा दिवस ते घरी सापडतात. या तिन्ही वाक्यांत बोलणारास शंका अशी मुळीच नाही. तो मोजून सांगत आहे.

‘प्रॉबेबली’ या शब्दाची जात निराळी. तेथे वस्तूंची मोजदाद होत नाही. बोलणाराच्या मनातील खात्रीचे माप दिले जाते. ‘आप्पा प्रॉबेबली घरी असतील’ याचा अर्थ असा की, आप्पा या घटकेस घरी आहेत की नाहीत हे मला ठाऊक नाही; परंतु असावेत असे मला वाटते. पहिला शब्द वस्तूविषयी बोलतो, दुसरा बोलणाराच्या ज्ञानाविषयी बोलतो. आता ‘मी मोस्टली येईन’ हे वाक्य इंग्रजाच्या कानांनी ऐका. येणारा माणूस एक, यावयाची वेळ एक. त्यात मोठा भाग कोणता आणि लहान भाग कोणता? तो बिचारा गोंधळतो. आपला पुतण्या मात्र गोंधळत नाही, कारण त्याच्या मनात इंग्रजी शब्द असला तरी अर्थ मराठी आहे. त्यास म्हणावयाचे आहे, ‘बहुतेक येईन.’

येथे कोणी म्हणेल, “मास्तर, अर्थ कळला ना? मग कीस कशाला काढता?” घरातल्या घरात ही तक्रार रास्त आहे. परंतु शब्द घराबाहेर पडला म्हणजे काय होते, त्याचे एक उदाहरण देतो. माझा एक जुना विद्यार्थी आंब्याचा व्यापार करतो. आपल्या कोकणच्या हापुसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून परदेशी गिऱ्हाइकांशी त्याचा पत्रव्यवहार वाढला. एकदा त्याने विलायतेतील एका व्यापाऱ्यास कळविले की, पाठविलेला आंबा शुक्रवारपर्यंत ‘मोस्टली’ खाण्याजोगा होईल. त्यास म्हणावयाचे होते की, शुक्रवारपर्यंत आंबा बहुतेक तयार होईल. हवेवर आहे, एखादा दिवस मागेपुढे होणारच. विलायतेच्या माणसाने त्या वाक्याचा सरळ इंग्रजी अर्थ घेतला: डझनामागे आठ-दहा फळे शुक्रवारी नक्की तयार, उरलेली दोन-चार मागाहून. त्याने शुक्रवारच्या विक्रीची जाहिरात केली. शुक्रवारी पेट्या उघडल्या तो एकही फळ तयार नाही! सारी फळे रविवारी एकदम पिकली.

मग पत्रापत्री सुरू झाली. तो म्हणे, तुम्ही बहुसंख्य फळांची हमी दिली होती. हा म्हणे, मी हमी दिलीच नव्हती. मी ‘मोस्टली’ असे स्पष्ट लिहिले होते. शेवटी बिलातून रक्कम कापली गेली आणि आमचा विद्यार्थी ती पत्रे घेऊन माझ्याकडे आला. दोघेही प्रामाणिक, दोघेही आपापल्या भाषेत बरोबर. एकाच शब्दात एकाने शंका घातली होती आणि दुसऱ्याने खात्री वाचली होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हावा, तशातली गत.

आता प्रश्न असा की, हा घोटाळा आपल्याच हातून वारंवार का व्हावा? कारण आपल्या ‘बहुतेक’ या शब्दात दडलेले आहे. मराठीत हा शब्द दोन चाकऱ्या करतो. ‘बहुतेक मुले पास झाली’ येथे तो विशेषण आहे आणि संख्या सांगतो. ‘गोविंदा बहुतेक पास होईल’ येथे तो क्रियाविशेषण आहे आणि संभव सांगतो. कारण गोविंदा एकटा आहे, तो पास होईल तर सगळाच होईल. मूल इंग्रजी शिकू लागले म्हणजे ‘बहुतेक मुले’ याला ‘मोस्ट’ हा शब्द लावावयाचा असे आम्हीच त्यास शिकवितो. मग ‘बहुतेक’ क्रियापदाशेजारी आला की, ते मूल ‘मोस्ट’ या शब्दास ‘ली’ हे शेपूट जोडून मोकळे होते. त्याचे तर्कशास्त्र बिनतोड आहे. चुकते एवढेच की, इंग्रजीत त्या वाटेने जाता येत नाही. ‘मोस्ट लाइक्ली’ आणि ‘मोस्ट प्रॉबेबली’ हे प्रयोग इंग्रजीत खरोखर संभव दाखवितात. त्यांचा पूर्वार्ध कानात राहून उत्तरार्ध गळाला, हेही या चुकीचे एक कारण असावे.

बरे, ‘बहुतेक’ शब्दाने या दोन चाकऱ्या पत्करल्या तरी कशा? येथे मला आपल्या भाषेचे मोठे कौतुक वाटते. हे वाक्य पाहा: मुंबईची गाडी बहुतेक वेळा नऊला येते, म्हणून आजही ती बहुतेक नऊला येईल. पहिला ‘बहुतेक’ अनुभवाची मोजणी आहे आणि दुसरा त्या मोजणीवर बांधलेला अंदाज आहे. पुष्कळदा जे घडले तेच पुन्हा घडण्याचा संभव अधिक, हा विचार आपल्या पूर्वजांनी एका शब्दात साठवून ठेवला. ‘बहुधा’ शब्दाचेही तसेच. द्विधा म्हणजे दोन प्रकारांनी, शतधा म्हणजे शंभर प्रकारांनी, तसे बहुधा म्हणजे पुष्कळ प्रकारांनी. आणि आज आपण तो वापरतो संभवाच्या अर्थी. ‘प्रायः’ म्हणजे पुष्कळ करून, आणि तोही संभव दाखवितो. ‘कदाचित’ म्हणजे मुळात केव्हातरी, एखादे वेळी. म्हणजे आपली संभवाची सारी उतरंडच मोजणीवर रचलेली आहे. जे पुष्कळदा होते ते ‘बहुधा’, जे एखादे वेळी होते ते ‘कदाचित’.

ही चाल एकट्या मराठीची आहे असेही नाही. आपल्या दक्षिणेस कानडी मुलूख लागतो. तेथे ‘बहुशः’ हा शब्द संभवाच्या अर्थी रोज बोलला जातो, आणि तेलुगूतही तोच शब्द त्याच कामाला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ पुष्कळ वेळा, वारंवार. उत्तरेस गुजराथी माणूस ‘मोटे भागे’ म्हणतो, त्याचा शब्दार्थ मोठ्या भागाने. पण तोही ‘मोटे भागे आवीश’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आपला ‘बहुतेक येईन’ हाच भाव असतो. फार लांब जावयाचे तर ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात संभाव्य गोष्टीची ओळख करून देताना हेच सांगितले आहे की, जे बहुतेक वेळा घडते ते संभाव्य. आजही दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ नावाचे प्रकरण आहे. नाणे वा फासा टाकून एकंदर शक्य घटना किती आणि त्यांपैकी आपल्याला हव्या त्या किती, हे मुले त्यात मोजतात. त्या प्रकरणाचे बीज ‘बहुतेक’ या शब्दात अगोदरच पडलेले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

इंग्रजी भाषेने मात्र संभवाकडे जाताना निराळे दरवाजे उघडले. ‘प्रॉबेबली’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ पारखणे असा आहे. पारखून मान्य करण्याजोगे ते प्रॉबेबल. ‘लाइक्ली’ म्हणजे सारखे दिसणारे. खऱ्यासारखे दिसते ते लाइक्ली. ‘परहॅप्स’ या शब्दात योगायोग अथवा दैव बसलेले आहे. ‘मेबी’ म्हणजे नुसते ‘असू शकेल’. यांपैकी एकही शब्द मोजणीतून आलेला नाही. म्हणून ‘मोस्टली’ हा मोजणीचा शब्द त्या भाषेत मोजणीपाशीच राहिला, आणि संभवाच्या घरात त्यास प्रवेश मिळाला नाही. दोन भाषांतील हा भेद एकदा ध्यानात आला म्हणजे, मुलांस नुसते ‘चूक’ म्हणून फुली मारण्याचे पाप आपल्या हातून होत नाही.

आपण विचाराल, मराठीत एकाच शब्दास दोन अर्थ असताना आमची फसगत का होत नाही? याचे उत्तर क्रियापदात आहे. मराठी क्रियापद हे संभवाचे खरे वाहन आहे. क्रियाविशेषण त्याचा सोबती. ‘तो आला आहे’, ‘तो आला असेल’, ‘तो आला असावा’ ही तीन वाक्ये पाहा. पहिल्यात ज्ञान आहे, दुसऱ्यात अंदाज आहे, आणि तिसऱ्यात बहुधा खुणेवरून काढलेला तर्क आहे: उंबऱ्याशी वहाणा दिसतात, तेव्हा तो आला असावा. ‘बहुतेक’ किंवा ‘कदाचित’ यांपैकी एकही शब्द न वापरता आपण एवढा सूक्ष्म भेद करतो. मालगुंडच्या दामले घराण्यातील, कवी केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. क्रियापदाच्या रूपांचे आणि अर्थांचे किती बारकावे मराठीत आहेत, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने तो ग्रंथ उघडावा. रत्नागिरीकरांस त्याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे. शाळेच्या व्याकरणात ‘करावा’, ‘असावा’ या रूपांस आपण विध्यर्थी म्हणतो, आणि कर्तव्य, योग्यता, इच्छा यांच्याबरोबर शक्यता हाही त्या रूपाचा एक अर्थ म्हणून शिकवितो.

यामुळे ‘आंबे बहुतेक पिकले आहेत’ असे म्हटले की मराठी माणूस साधारणतः संख्येकडे वळतो, आणि ‘आंबे बहुतेक पिकले असतील’ म्हटले की संभवाकडे. ही खूण अगदी अचूक आहे असे मी म्हणत नाही; ‘तो बहुतेक घरीच आहे’ असेही आपण अंदाजाने बोलतोच. तथापि पुष्कळदा ती वाट दाखविते. आणि ती वाट न पाहिल्यामुळे खुद्द माझी जी फसगत झाली, ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळींस वारंवार थकवा येऊ लागला, पायांवर सूज दिसू लागली. म्हणून घाटावरच्या एका शहरात नेऊन त्यांच्या रक्ताच्या निरनिराळ्या सात तपासण्या करविल्या आणि आम्ही रत्नागिरीस परतलो. चार दिवसांनी तेथील एका मुलीचा फोन आला. मुलगी गोड बोलणारी, मराठीच. ती म्हणाली, “काका, काकूंचे रिपोर्ट मोस्टली नॉर्मल आहेत. येऊन एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.” मी फोन ठेवला आणि घरात सांगितले, “सगळे ठीक असावे असे म्हणतात. पाऊस ओसरला की सावकाश जाऊ.” आषाढाचे दिवस होते, घाटात दरडी पडत होत्या. आम्ही दीड महिन्याने गेलो. तेव्हा कळले की, सात तपासण्यांपैकी सहा उत्तम होत्या आणि सातवी, मूत्रपिंडाच्या कामाविषयीची, ठीक नव्हती. औषध आणि पथ्य दीड महिन्यापूर्वीच सुरू व्हावयास हवे होते.

ईश्वरकृपेने पुढे सारे सावरले. आज आमची मंडळी पथ्य सांभाळून घरात हिंडतफिरत आहेत. परंतु त्या दिवशी परतीच्या गाडीत मी जो विचार करीत बसलो तो अद्याप विसरलो नाही. त्या मुलीने शब्द कसा वापरला होता? अगदी बिनचूक, शुद्ध इंग्रजी अर्थाने! रिपोर्टांपैकी पुष्कळसे नॉर्मल आहेत, असे तिने सांगितले होते. तिने ‘आहेत’ हे क्रियापद वापरले होते, ‘असतील’ असे म्हटले नव्हते. बहुधा नॉर्मल असा मराठी अर्थ घेतला तो मी. ज्याने छत्तीस वर्षे हीच चूक मुलांच्या वह्यांतून खोडली होती, त्याने. कारण उघड आहे. आजूबाजूस सर्व माणसे ‘मोस्टली’ हा शब्द ‘बहुतेक’ या अर्थी बोलतात, आणि तोच अर्थ माझ्याही कानास जडून गेला होता. शिवाय मनुष्याचा स्वभाव असा की, दोन अर्थ पुढे आले तर ज्याने रात्री झोप लागेल तोच तो पत्करतो. तिने ‘एक सोडून बाकी ठीक’ असे मराठीत म्हटले असते, किंवा मी ‘मोस्टली म्हणजे किती?’ एवढे दोन शब्द विचारले असते, तर दीड महिना वाचला असता. मी तिला दोष देत नाही. विचारावयाचे काम माझे होते.

संभवदर्शक शब्दांची गफलत इंग्रजी ज्यांची जन्मभाषा आहे त्यांच्यातही होते, हे येथे सांगणे योग्य होईल. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागाने एक अहवाल तयार केला, आणि युगोस्लाव्हियावर त्या वर्षी स्वारी होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’, म्हणजे गंभीर शक्यता आहे, असे त्यात लिहिले. शेर्मन केंट नावाचे गृहस्थ त्या कामाचे एक प्रमुख होते. त्यांनी मागाहून आपल्या सहकाऱ्यांस विचारले की, या शब्दांनी तुमच्या मनात शेकडा किती संभव होता? ज्यांनी एका टेबलाभोवती बसून तो अहवाल मान्य केला होता त्यांच्यातच कोणी शेकडा २० सांगितले, तर कोणी ८०! पुढे १९६४ साली केंट यांनी लेख लिहून अशा शब्दांस ठराविक आकडे जोडून द्यावेत असे प्रतिपादन केले. आज जागतिक हवामानबदलाचा अभ्यास करणारे आंतरसरकारी मंडळ आपल्या अहवालांत हेच करते. तेथे ‘लाइक्ली’ म्हणजे शेकडा ६६ किंवा अधिक संभव, आणि ‘व्हेरी लाइक्ली’ म्हणजे शेकडा ९० किंवा अधिक, असे ठरवून दिलेले आहे.

आपल्या हवामानखात्याच्या अंदाजातही एक सावधगिरी आहे, ती आपण लक्ष देऊन ऐकत नाही. कोकणात ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बहुतेक ठिकाणी’ पाऊस, असे शब्द आपण पावसाळाभर ऐकतो. हे शब्द पाऊस किती जागी पडेल ते सांगतात. इंग्रजी परिभाषेत विभागातील केंद्रांपैकी शेकडा २५ पर्यंत ठिकाणी पाऊस असेल तर ‘आयसोलेटेड’, २६ ते ५० असेल तर ‘स्कॅटर्ड’, ५१ ते ७५ असेल तर ‘फेअरली वाइडस्प्रेड’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘वाइडस्प्रेड’, अशी वाटणी आहे. तो पडेलच अशी खात्री कितपत आहे, हे ‘शक्यता’ आणि ‘दाट शक्यता’ या निराळ्या शब्दांनी सांगितले जाते. म्हणजे ‘किती ठिकाणी’ आणि ‘कितपत खात्रीने’ या दोन मापांची तेथे सरमिसळ होऊ दिलेली नाही. ‘बहुतेक ठिकाणी पावसाची शक्यता’ हे वाक्य ‘पाऊस बहुतेक पडेल’ या वाक्याहून निराळे आहे. होडी समुद्रात घालणाऱ्यास किंवा भात कापून खळ्यात टाकणाऱ्यास हा भेद समजणे अगत्याचे आहे.

या सर्व विवेचनाचे तात्पर्य मी मुलांस एका साध्या कसोटीने सांगत असे, आणि तीच आपणांसही सांगतो. तोंडात ‘मोस्टली’ आला की स्वतःस विचारावे, मी ‘किती?’ या प्रश्नाचे उत्तर देत आहे की ‘कितपत खात्री?’ या प्रश्नाचे? किती माणसे, किती भाग, किती वेळा, यांपैकी काही सांगावयाचे असेल तर ‘मोस्टली’ खुशाल वापरावा. खात्री सांगावयाची असेल तर ‘प्रॉबेबली’ वापरावा. खात्री याहूनही कमी असेल, म्हणजे मराठीत आपण ‘कदाचित’ म्हटले असते, तर ‘परहॅप्स’, ‘मेबी’ किंवा ‘पॉसिब्ली’. इंग्रजी वाक्यात ‘प्रॉबेबली’ची जागा साधारणतः साहाय्यक क्रियापदानंतर असते: ‘ही विल प्रॉबेबली कम’. वाक्य नकारार्थी असेल आणि क्रियापद जोडून उच्चारले असेल तर तो त्याच्या अगोदर येतो: ‘ही प्रॉबेबली वोन्ट कम’.

याच ओघात आणखी दोन बारीक गोष्टी. ‘पॉसिब्ली’ या शब्दासाठी पुष्कळजण ‘शक्यतो’ लिहितात; तेही बरोबर नव्हे. ‘शक्यतो मी येईन’ म्हणजे येणे जमेल तेथवर मी ते टाळणार नाही; त्यात प्रयत्नाचे आश्वासन आहे. ‘पॉसिब्ली’त तसे आश्वासन कोणतेही नाही. दुसरी गोष्ट, संभवाला संभव जोडू नये. ‘कदाचित पाऊस पडण्याची शक्यता आहे’ या वाक्यात एकाच डोक्यावर दोन टोप्या आहेत. ‘कदाचित पाऊस पडेल’ किंवा ‘पाऊस पडण्याची शक्यता आहे’, यांपैकी कोणतेही एक पुरे.

कोणी असा आक्षेप घेईल की, भाषा बदलतच असते. लाखो लोक ‘मोस्टली’ हा शब्द ‘बहुतेक’ या अर्थी वापरू लागले तर तोच त्याचा अर्थ का ठरू नये? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. परका शब्द आपल्या घरी आला म्हणजे तो आपले रीतिरिवाज शिकतो. आपल्या मराठी बोलण्यात ‘मोस्टली’ने तो अर्थ जवळजवळ पक्का केलेलाच आहे, आणि माझ्या पुतण्यास त्यापासून परावृत्त करण्याची मला आशा नाही. माझे म्हणणे एवढेच की, जेथे ऐकणारा परभाषी आहे, किंवा जेथे पैशाचा, प्रकृतीचा अथवा जिवाचा प्रश्न आहे, तेथे दोन अर्थांचा शब्द वापरू नये; आणि दुसऱ्याने वापरला तर विचारून घ्यावे. शिवाय जेथे आपले ‘बहुधा’, ‘बहुतेक’, ‘कदाचित’, ‘असेल’ आणि ‘असावा’ हे सारे हाताशी आहेत, तेथे उसनवारी कशासाठी?

पुतण्याची गोष्ट अर्धवट सोडली होती, ती पुरी करतो. तो गणपतीला आला, सबंध आला. आरती झाल्यावर मी त्यास ही सगळी कथा सांगितली. काकूंच्या रिपोर्टांची हकीकत त्यास ठाऊक नव्हती. ती ऐकून तो काही वेळ गप्प बसला. जाताना काकूंच्या पाया पडला आणि विचारू लागला, “काकू, आता तब्येत कशी आहे?” त्या म्हणाल्या, “मोस्टली बरी आहे.” लगेच त्याने विचारले, “मोस्टली म्हणजे किती, काकू?” तेव्हा गुडघा अजून दुखतो, ही गोष्ट त्यांनी सांगितली. मलाही ती तेव्हाच कळली.